धनूची भूक

बापाच्या पायांचा आवाज धनूला लांबून ओळखू यायचा. सकाळी शेतावर जाताना भिलाची पावलं नीट पडत. संध्याकाळी गुत्त्यावरून परतताना तोच माणूस डावा पाय धुळीतून ओढत येई. गल्लीच्या तोंडाशी तो फरफटण्याचा आवाज आला की धनू चुलीपुढून उठे आणि मायच्या हाताशी काही जड किंवा धारदार असेल तर ते उचलून नेई. विळा, मुसळ, वरवंटा, जे असेल ते गोठ्यात नेऊन गव्हाणीतल्या कडब्याखाली सारी. मग परकराला हात पुसत दारात जाऊन उभी राही.

"आबा, उना का? चाल, हातपाय धुई ले."

"तुन्ही माय कोठे शे?"

"काम करी ऱ्हायनी. तू बस."

पुष्कळदा एवढ्यावर भागे. भिला ओट्यावर बसे, पोरीच्या हातून पाण्याचा तांब्या घेई, थोडा वेळ कोणाकोणाला शिव्या देई आणि तिथेच कलंडे. कधी कधी भागत नसे. मग धनूला दोघांच्या मध्ये उभं राहावं लागे.

हे काम तिच्याकडे आलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. त्या संध्याकाळी भिलाने कोपऱ्यातली पहार उचलली होती. तिची माय दगूबाई भिंतीला पाठ लावून उभी होती. धनू पळत आली ती सरळ बापाच्या पोटाला जाऊन बिलगली आणि "आबा, आबा" करत राहिली. भिलाने खाली पाहिलं. आपल्या हातात पहार कशी आली हे त्याला कळत नसावं, असा त्याचा चेहरा झाला. त्याने पहार टाकली आणि पोरीच्या डोक्यावर हात ठेवून हमसून रडला.

दुसऱ्या दिवशी ओसरीत धनूची वेणी घालताना दगूबाई म्हणाली, "तू शे म्हनीसन मी जित्ती शे वं. नही ते कव्हयनीच मरी जाती."

माय ते सहज बोलून मोकळी झाली. पण पोरीने ते शब्द पोटात ठेवले. त्यानंतर तिने गल्लीतल्या पोरींबरोबर दिवेलागणीला खेळणं सोडलं. मामाच्या गावी राहायला जाणं सोडलं. अंगात ताप असला तरी संध्याकाळी ती उठून बसे.

भिला का पितो, याचं उत्तर गावाला कधी सापडलं नाही. काळी कसदार जमीन होती, दोन म्हशी होत्या, भावकीत तंटा नव्हता. शुद्धीवर असला की त्याच्यासारखा मऊ माणूस धानोऱ्यात नव्हता. बैलाच्या मानेला घट्टा पडला तर आधी स्वतःच्या हाताने लोणी लावी, मग न्याहारीला बसे. आधी तो होळीला प्यायचा, मग लग्नाकार्यात, मग बाजाराच्या दिवशी. मग बाजार नसलेला दिवस राहिला नाही. गुत्ता बंद असला तर डोंगराकडून येणारी मोहाची बाटली होतीच.

धनूचं लग्न नवव्या वर्षीच झालं होतं. लहान पोरींची लग्नं बंद करणारा सरकारी कायदा येतो आहे, अशी त्या साली आवई उठली आणि सगळ्या खानदेशात एकच घाई उडाली. एकेका मांडवात चार-चार जोडपी उभी राहिली. भिलानेही तापीपलीकडच्या उखा पाटलाच्या वाहरूशी पोरीचं लगीन उरकून घेतलं. पोरगी मोठी झाली, तिला पदर आला, की नांदायला न्यायची असं ठरलं. त्यामुळे नवरा म्हणजे हळदीच्या पिवळ्या अंगाचा, झोपेने पेंगणारा एक मुलगा, एवढंच धनूला आठवत होतं.

ती तेराची झाली तशा विहिरीवरच्या बाया तिच्याकडे निरखून पाहू लागल्या. "औंदा जाशी वाटतं सासरले," म्हणून हसू लागल्या. बरोबरीच्या पोरी लाजत. धनू मात्र घागर उचलून चालू लागे. आपण गेलो की संध्याकाळी दारात कोण उभं राहणार? हे तिला कोणाला विचारता येत नव्हतं.

शेजारची जमनामाय पन्नाशीच्या पुढची होती. पावसाळ्यातल्या एका दुपारी धनू तिच्या ओसरीवर शेंगा फोडायला बसली होती आणि दुसऱ्या बायांची पोरींच्या लग्नाबिग्नावर चर्चा चालली होती. जमनामाय म्हणाली, "आत्तेन्या पोरी बाराव्या वर्षी न्हातीस. छप्पन्याना दुकाळमा आम्हले खावाले काय व्हतं? पाला नि मुळ्या. वीस वरीसनी घोडी झायी तरी मले पदर उना नही. आंगमा रगतच नही, ते न्हाण कोठून येई?"

बाया हसल्या आणि दुसऱ्या विषयाकडे वळल्या. धनूच्या हातातली शेंग तशीच राहिली.

त्या संध्याकाळपासून तिने आपली अर्धी भाकर ओच्यात लपवायला सुरुवात केली. जेवण झालं की ती म्हशीला पाणी दाखवायच्या निमित्ताने गोठ्यात जाई आणि भाकर वासराला घाली. पहिले दिवस फार कठीण गेले. उडदाच्या डाळीला फोडणी बसली की तोंडाला पाणी सुटे आणि डोळेही भरून येत. मग भुकेची सवय झाली. अर्ध्याची पाव झाली. पुढे पुढे तर ताटात अन्न दिसलं की नकोसं वाटू लागलं. दुसऱ्या पोरी उंच झाल्या, भरल्या. धनू होती तिथेच राहिली. तिची हाडं मात्र वर आली. फणीत केसांचे गुंतवळ निघू लागले. चैत्राच्या उन्हातही बोटं गार पडत. पोटात सकाळपासून आग पडे आणि ती आग दिवेलागणीला गळ्यापर्यंत येई.

दगूबाईला पोरीचं रोडावणं दिसत होतं. तिने तळोद्याकडच्या भगताकडून अंगारा आणला, पोरीच्या दंडाला दोरा बांधला, कोणाची नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या. सासरकडून बाया पाहायला आल्या. त्या धनूला उभी करून, बसवून, तिचे हात चाचपून निघून गेल्या. जाताना सासू म्हणाली, "अजून लेकरूच शे. थांबसूत." ते ऐकून धनूला इतकं हलकं वाटलं की त्या दिवशी भुकेची आठवणही झाली नाही.

अशी दोन वर्षं गेली.

कार्तिकात कपाशी वेचताना ती सरीतच पडली. ओच्यातली कपाशी सांडली, डोळे पांढरे झाले. भिला पलीकडच्या शेतात होता. सकाळची वेळ, माणूस शुद्धीवर होता. तो धावत आला, पोरीला उचललं, आणि उचलताक्षणी दचकला. तिला काही वजनच नव्हतं. त्याने तशीच गाडी जुंपली आणि नवराबायको तिला घेऊन नंदुरबारच्या दवाखान्यात गेले.

डॉक्टरने धनूच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, नखं पाहिली, पोट दाबलं. मग तो भिलाकडे वळला. भिलाच्या कानात सोन्याची भिकबाळी होती, डोक्याला नवं पागोटं होतं.

"घरी धान्य नाही का?"

"कोठी भरेल शे, साहेब. दोन म्हशी दूध देतस."

"मग ही पोर उपाशी का आहे? दुसरा काही रोग नाही हिला. कितीतरी दिवसांची उपाशी आहे ही. असं चाललं तर उन्हाळा काढणार नाही."

औषधाची बाटली घेऊन ते बाहेर पडले. गाव मागे पडल्यावर रस्त्याकडेच्या निंबाखाली दगूबाईने गाडी थांबवायला सांगितली. ती कधी नवऱ्याला काही करायला सांगत नसे, म्हणून भिलाने चटकन कासरा ओढला.

"धनू," दगूबाई म्हणाली, "परवा तू वासरूले भाकर दी ऱ्हायनी व्हती. मी देखं. मले वाटनं, एखादी दिन्ही व्हई. तू रोज देस का?"

धनूने मान खाली घातली.

"काबर वं? काय कमी शे आपला घरमा? बोल ना माय."

मग धनू हळूच बोलली. बोलताना ती मायकडे पाहत नव्हती, बापाकडेही नाही.

"खादं ते मोठी व्हसू. पदर येई. मग त्या मले लई जातीन. मी गयी ते तुले कोन वाचाडी?"

दगूबाईने पदर तोंडात कोंबला.

"आबा," धनू म्हणाली, "मी नही ऱ्हायनी ते तू मायले मारी टाकशी."

ती रागाने बोलली नाही. पाऊस येणार आहे, कडबा आत घ्या, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं. भिला गाडीवरून खाली उतरला. गावापर्यंतची सगळी वाट तो बैलांच्या बाजूने पायी चालला आणि त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्या दिवसापासून त्याने दारू सोडली.

सोडणं सोपं नव्हतं. त्याचे हात इतके कापत की तांब्यातलं पाणी ओठांपर्यंत पोचत नसे. अंगाला घाम फुटे, भिंतीवर मुंग्यांची रांग चालली आहे म्हणून तो ओरडे, आणि भिंत कोरी असे. दगूबाई त्याच्या तोंडात पेज घाली. धनू त्याचे पाय दाबत बसे. तेही दिवस सरले. भिला उठला, दाढी करून घेतली, रब्बीची शेतं पाहायला गेला. संध्याकाळी तो दिवा लागायच्या आत घरी येई आणि पोरीच्या समोर ताट घेऊन बसे. ती एक घास खाई तेव्हाच तो एक खाई. सुरुवातीला धनूला खाल्लेलं पचत नसे, उलटून पडे. मग दुधात कुस्करलेली भाकर राहू लागली. मग डाळ राहू लागली.

तरी तिला भीती होती. प्रत्येक संध्याकाळी ती आवाज ऐकायला कान टवकारून बसे आणि पावलं नीट पडताना ऐकली की तिच्या पाठीचा कणा सैल पडे. दगूबाई तर कधी कधी गाणं गुणगुणू लागली होती. मायला गाणं येतं, हे धनूला तोवर ठाऊकच नव्हतं.

वैशाखात आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, सण आला तेव्हा भिलाने स्वतः निंबाच्या फांदीला झोका बांधला. माहेरी आलेल्या पोरींनी गौराईची गाणी म्हटली, खापरावरच्या पुरणपोळ्या नि आंब्याचा रस झाला. भिलाने पोरीला उंच झोका दिला आणि ती ओरडून हसली, तसा तो खाली बसला आणि डोळे पुसू लागला. गावातल्या लोकांनाही बरं वाटलं. भिला सुधारला, असं जो तो बोलू लागला.

आषाढात धनू न्हाती झाली.

दगूबाईने गल्लीत गूळ वाटला. धनू कोपऱ्यात बसून होती. तिला लाज वाटत होती, आनंदही वाटत होता, आणि त्याच्या तळाशी जुनी भीती होती. दिवाळी झाली की उखा पाटील न्यायला येणार, असा निरोप आला. ती रात्रंदिवस विचार करी. पण आबा पीत नाही ना आता. माय गाणं म्हणते ना आता. मग आपण कशाला भ्यायचं?

जायच्या दिवशी सकाळी तिने भिलाला गोठ्यात गाठलं.

"आबा, मी जास. तू…"

भिलाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात जरासुद्धा कापत नव्हता.

"तुन्ही आन शे, धनू. मी तुन्ही मायले हात लावाव नही, नि त्या बाटलीलेबी नही. तू सुखमा नांद."

तो खोटं बोलत नव्हता. पुढे कितीतरी वेळा धनूने त्या सकाळचा विचार केला, आणि दर वेळी तिला हेच वाटलं की त्या क्षणी आबा मनापासून बोलत होता.

सासरचं घर मोठं होतं, माणसं साधी होती. "खाय वं, लाजू नको," म्हणत सासू तिच्या ताटात दुसऱ्यांदा तूप वाढी. वाहरू आता मिसरूड फुटलेला, अबोल जवान झाला होता. पहिल्या दिवशी तो तिच्याशी बोललाच नाही. दुसऱ्या दिवशी शेतातून येताना त्याने तिच्यासाठी ज्वारीचा हुरडा भाजून आणला आणि काही न बोलता तिच्याजवळ ठेवून गेला. या घरात कोणी पीत नव्हतं. दिवेलागण झाली की धनूचे कान आपोआप गल्लीकडे लागत. पण गल्लीतून गुरं येत, पोरं येत, सासरा खोकत येई, आणि पुढे काहीच होत नसे. हळूहळू तिचे कान थकले. त्या वेळेला तिला चक्क झोप येऊ लागली. हिवाळाभरात तिच्या गालांवर मांस चढलं. बाजाराहून येणाऱ्यांबरोबर मायचा निरोप येई, "आम्ही मजामा शेतस." धनू तो निरोप ऐके आणि मनातल्या मनात देवाला हात जोडी. आयुष्यात आपल्यालाही असं काही मिळतं, याचं तिला नवल वाटे.

होळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी धानोऱ्याचा माणूस आला. दगूबाई पडली, एवढंच तो बोलला. वाहरूने गाडी जुंपली.

धनू घरात शिरली तेव्हा माय खाटेवर होती. डोक्याला फडकं गुंडाळलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे उघडे होते. धनू त्या डोळ्यांसमोर गेली, वाकली, "माय, मी उनी" म्हणाली. डोळे तिच्यावरून सरकून छपराकडे गेले.

काय झालं ते जमनामायने सांगितलं. भिलाने धनू गेल्याच्या आठवड्यातच पुन्हा दारू सुरू केली होती. घर खायला उठतं, म्हणायचा. आधी थोडी, मग पहिल्यासारखी, मग पहिल्याहून जास्त. दगूबाईने कोणाला कळू दिलं नाही. पोर आता कुठे खाऊ-पिऊ लागली आहे, तिच्या कानावर गेलं तर पुन्हा ताट दूर सारेल, अशी तिला धास्ती. बाजाराला जाणाऱ्या प्रत्येकाकडे ती आपण मजेत असल्याचा निरोप धाडी. होळीच्या संध्याकाळी भिला आला तेव्हा तिने भिऊन दाराला आतून कडी घातली. त्याने धक्के मारून मारून दाराची फळी उखडली. फळीबरोबर ती मागे गेली आणि डोकं उखळावर आपटलं. तो तिला ओलांडून आत गेला आणि झोपला. सकाळी उठला तेव्हा बायको दारात कशी निजली, असं त्याने शेजारी येऊन विचारलं.

धनूने ते सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही. माय खोटे निरोप धाडत होती तेव्हा आपण तूप खात होतो, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात घुमत होती.

गावाने ती पडली म्हणून सांगितलं आणि ते प्रकरण तिथेच मिटलं. दगूबाई मेली नाही. तिची उजवी बाजू गेली, वाचा गेली, ओळख गेली. तिला उठवावं, पुसावं, कुशीवर वळवावं, घास चावून मऊ करून भरवावा लागे. धनू सासरी परत गेली नाही. कोणी तिला राहा म्हटलं नव्हतं, जा म्हणायलाही कोणी नव्हतं.

भिला सकाळी बायकोच्या उशाशी बसे. तिच्या तोंडात दूध घाली, ओघळलेलं आपल्या धोतराने पुसे, "दगू, देख ना मन्हाकडे," म्हणून विनवी. पोरीला म्हणे, "आजपासून सोडी, धनू. संपनं." दुपार कलली की तो ओट्यावर येरझाऱ्या घालू लागे. मग त्याचे हात कापू लागत. मग तो निघून जाई. धनू त्याला अडवत नसे. अडवण्यासारखं आता काय उरलं होतं?

वैशाखात वाहरू आला. त्याने गाडी दारात सोडली, सासूच्या खाटेजवळ उभा राहिला, मग धनूकडे पाहिलं. ती पुन्हा सुकली होती.

"तुन्ही मायले बी लई चालूत," तो म्हणाला. "गाडीमा गवत टाकेल शे. हाल व्हवाव नही तिना."

धनू खाटेवरून उठली. "तुन्हा बापले चाली का?"

वाहरूने मान खाली घातली. त्याने घरी विचारलं नव्हतं. तो पुन्हा बैल जुंपू लागला.

"इचारस नि येस," तो म्हणाला.

धनू त्या दिवसापासून मायचे कपडे धुऊन, घडी घालून ठेवू लागली. ज्येष्ठ गेला. पेरण्या झाल्या. वाहरू आला नाही. मार्गशीर्षात लग्नसराई लागली तेव्हा विहिरीवर एका बाईने दुसरीला सांगितलं की उखा पाटलाच्या पोराचं दुसरं लगीन लागलं, पोरगी प्रकाशा गावाकडची आहे, धडधाकट आहे. धनू मागेच उभी होती, हे त्या बाईला माहीत नव्हतं. धनूने घागर भरली आणि घरी आली. तिने वाहरूला दोष दिला नाही. गवत टाकलेली गाडी मात्र तिला बरेच दिवस डोळ्यांपुढे दिसत राहिली.

तिला पुन्हा पाळी आली नाही. न्हाण आलं ते त्या हिवाळ्यापर्यंतच टिकलं. ती आता खात असे, कारण मायला उचलायला अंगात जोर लागतो. पण खाल्लेलं पोटात निखाऱ्यासारखं पडून राही. कानांजवळचे केस पांढरे झाले. दिवस मावळू लागला की तिचेही हात कापत. बाप गावात नसला तरी कापत. एकदा पोटात इतकी कळ आली की ती उभी राहू शकेना. कोनाड्यात भिलाची बाटली होती, तळाशी थोडी उरलेली. दारूने पोटदुखी थांबते, असं बाप्ये बोलताना तिने ऐकलं होतं. तिने बाटली तोंडाला लावली. घसा जळाला, डोळ्यांत पाणी आलं. कळ काही थांबली नाही. पण थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आलं की आपण गल्लीकडे कान लावलेला नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच माहेरच्या घरातली संध्याकाळ तिला शांत वाटली होती. ती भिंतीला टेकून बसून राहिली. मग उठली आणि बाटली धुऊन जागेवर ठेवली.

त्यानंतर कधीमधी ती तेवढंच घेई. पुढे कधीमधी असं राहिलं नाही.

पुढच्या श्रावणात नंदुरबारची सकीना मणियारीण डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन गावात आली. ती या गल्लीला नवीन होती. तिची सासू आधी यायची, ती आता थकली होती. धनूने तिला हाक मारली आणि मायच्या खाटेजवळ बसवलं. मायचे हात कधीपासून उघडे होते आणि बाया त्यावरून बोलत.

सकीनाने दगूबाईचा लुळा हात मांडीवर घेतला, बोटं एकत्र करून दाबली.

"धनी शे ना हिना?"

"शे," धनू म्हणाली.

"मग हिरवा चुडा भरस."

ती हलक्या हाताने एकेक बांगडी चढवू लागली. दगूबाई छपराकडे पाहत होती. हात आवळला गेला तरी तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मग सकीनाने धनूचा हात ओढून घेतला आणि माप पाहिलं. पाटीतल्या मोठ्या बांगड्या त्या मनगटावरून निसटून पडत होत्या. तिने खाली चाळून लहान पोरींच्या बांगड्या काढल्या. त्या बरोबर बसल्या. सकीना थबकली. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग वर धनूच्या तोंडाकडे.

"हाई तुन्ही मोठी बहीण का?"

"नही. मन्ही माय शे."

बोलताना धनू जवळ वाकली होती. सकीनाच्या नाकाला दारूचा वास आला. तिने पदर सावरला आणि थोडी मागे सरकली.

"तुन्हं वय काय, बाई?"

"एकोनिसावं लागनं."

सकीनाने पाटी उचलली. दारापर्यंत गेली, आणखी काही विचारायचं म्हणून वळली, आणि न विचारताच खाली उतरली. ऊन उतरत आलं होतं. धनूने खाटेचे पाय धरले आणि मायला ओढत आतल्या भिंतीशी नेऊ लागली, कारण बाहेर गल्लीच्या तोंडाशी भिला डावा पाय ओढत, दगूबाईचं नाव घेऊन शिव्या देत येत होता.